उम्म नबीलच्या गाडीचा हिवाळी आजार

जानेवारीतलं बगदाद. धुकं पडद्यासारखं जमिनीपासून वर सरकू लागतं, म्हणून आधी दिसतात ते नुसते पाय. तेलाने काळे पडलेले बूट, मोज्यांवर चढवलेल्या चपला, एका गाडीखालून बाहेर आलेल्या कुणाच्या तरी दोन टाचा. मग गुडघे दिसतात, मग उघडी बॉनेटं, आणि शेवटी शेख ओमर नावाचा फिटरांचा अख्खा रस्ता उजळतो. डावीकडे फालिहची चहाची टपरी आणि तिच्यावर कायम उकळत असलेलं पातेलं. उजवीकडे, उन्हाचा पहिला तुकडा पडतो तिथे, खुर्ची टाकून बसलेले उस्ता रझूकी. वयाची ऐंशी उलटलेला हा फिटर आता हातात पाना धरत नाही, पण त्याला विचारल्याशिवाय रस्त्यात कुणी मोठं काम उघडत नाही. आणि मधोमध सब्रीचं दुकान. ते इतकं अरुंद, की गाडीचं नाक आत जातं आणि शेपूट रस्त्यावर राहते.

त्या सकाळी या देखाव्यात एक पांढरी मोटार शिरली, पण स्वतःच्या बळावर नाही. दोघे जण तिला मागून ढकलत होते. मधेच ती खोकायची, काळा धूर सोडायची आणि पुन्हा गप्प व्हायची. स्टिअरिंगमागे पायघोळ काळा अबाया आणि जाड भिंगांचा चष्मा घातलेल्या एक बाई बसल्या होत्या, पाठ ताठ, नजर समोर, जणू गाडी भरधाव चालली आहे.

“आली बघा नवरी!” फालिह टपरीवरून ओरडला. “थंडी पडली की माहेरी हजर!”

बाईंनी काच खाली केली. “नवरी कसली, सासू आहे ही. कुणाचं म्हणून ऐकत नाही.”

या उम्म नबील, म्हणजे नबीलची आई. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी टेलिफोन केंद्रात काढली होती, कानाला यंत्र लावून अर्ध्या शहराच्या तक्रारी उरलेल्या अर्ध्या शहराला जोडून देत. नवरा गेला आणि मागे ही मोटार राहिली, तेव्हा त्या केस पांढरे झालेल्या वयात गाडी चालवायला शिकल्या. नदीपलीकडे कर्खमध्ये त्यांची धाकटी बहीण अंथरुणाला खिळून होती. तिच्याकडे मनात येईल तेव्हा जायचं, तिचे केस विंचरायचे, भांडायचं आणि संध्याकाळच्या आत परत यायचं, एवढ्यासाठी त्या शिकल्या.

“सब्री,” त्या उतरत म्हणाल्या, “आता तू राहिलास. बाकी सगळे झाले.”

सब्रीने स्टूल पुसून पुढे केलं आणि फालिहकडे दोन बोटं दाखवली. दोन चहा. बॉनेटला त्याने हातही लावला नाही.

ही त्याची जुनी पद्धत. रस्त्यात तिची थट्टा चाले. सब्रीकडे गाडी नेली की आधी गाडीच्या आईबापांची विचारपूस होते, म्हणत. त्याला सगळे ‘अकलेचा बाप’ म्हणायचे. इथे बर्फ विकणारा तो बर्फाचा बाप, मासे विकणारा तो माशांचा बाप. आणि इंजिनाच्या कॉम्प्युटरला सगळा देश गाडीची अक्कल म्हणतो. पदवी आपोआप चिकटली. ती देणाऱ्यांत निम्मे कौतुकाने म्हणत, निम्मे टोमणा म्हणून, आणि सब्री दोघांनाही ‘ओ’ देई.

तरुणपणी, इराणशी झालेल्या त्या लांबलेल्या लढाईत, तो आघाडीवर बिनतारी यंत्रं दुरुस्त करायचा. मुका झालेला संच मांडीवर घेऊन, तो का बोलत नाही हे ओळखायचं, हाच त्याचा उद्योग. परतला तेव्हा हातात काही नव्हतं. उस्ता रझूकींनी स्वतःच्या भिंतीची सावली त्याला दिली. “बस इथे टेकून. तारा तुला कळतात, नटबोल्ट मला कळतात. दोघं मिळून एक माणूस होऊ.” मग निर्बंधांची वर्षं आली, सुटे भाग मिळेनासे झाले. नव्या धर्तीच्या मोटारींत समोर एक पिवळा दिवा असायचा, इंजिनाची तक्रार सांगणारा. तो पेटला की इतर फिटर दिव्याचा बल्बच काढून टाकत. गिऱ्हाईक खूश! सब्रीने बायकोच्या केसांतली पिन मागून घेतली, गाडीच्या तपासणीच्या खोबणीतली दोन भोकं त्या पिनेने जोडली, आणि दिवा लुकलुकू लागला. लांब, लांब, आखूड, थांबा. सैन्यात तारेची भाषा शिकलेला माणूस तो. त्या रात्री म्हणे त्याने बायकोला जेवताना सांगितलं, “आज एक गाडी माझ्याशी बोलली.” बायको म्हणाली, “माझी पिन परत कर.”

तर चहा आला. काचेच्या इवल्याशा पेल्यात, तळाशी साखरेचा जाड थर.

“बोला, उम्म नबील.”

“काय बोलू? बंद पडते.”

“कुठे?”

“पुलावरच्या तपासणी नाक्यावर. रांगेत मुंगीच्या पावलांनी पुढे सरकायचं, आणि नेमकी तिथेच मरते. काल तिथल्या शिपाई पोरांनी बंदुका रोखल्या माझ्यावर. त्यांचं तरी काय चुकलं? नाक्यावर बंद पडलेली गाडी म्हणजे त्यांना बॉम्बच वाटणार. मी दोन्ही हात वर करून ओरडले, अरे पोरांनो, माझ्यात स्फोट व्हायची ताकद कुठली!”

फालिह हसला. सब्री हसला नाही.

“नबील म्हणतो, आता पुरे,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “शुक्रवारी बाजारात नेऊन विकून टाकणार आहे. म्हणतो, मावशीकडे मी नेईन तुला. नेईल. पोरगा वाईट नाही रे. गेल्या ईदला नेलं होतं त्याने.”

म्हणजे हातात मधले दोन दिवस होते. सब्रीने चमचा फिरवायला सुरुवात केली.

“हे उन्हाळ्यात होतं का?”

“छे! उन्हाळ्यात लोण्यासारखी चालते.”

“आणि दर हिवाळ्यात होतं?”

“दर हिवाळ्यात. मग कुणीतरी काहीतरी बदलतं. एकदा धुराच्या नळीतला सेन्सर बदलला. मग पाण्याचा सेन्सर, तोही दोनदा. गेल्या साली तर अक्कलच बदलली, भंगारातून दुसरी आणून बसवली. आणि वसंत आला की होते बरी.”

चमचा थांबला. “म्हणजे औषध लागू पडायला दोन महिने लागतात?”

“हो, सगळे असंच म्हणतात. गाडी जुनी आहे, वेळ लागतो.”

“इंजिन तापतं का कधी?” हा प्रश्न फालिहने मधेच टाकला. या शहरात गाडीची तब्येत विचारायची म्हणजे हाच प्रश्न आधी येतो, कारण इथल्या ऑगस्टमध्ये डांबर बुटाला चिकटतं आणि पुलांवर मोटारी वाफा सोडत उभ्या असतात.

उम्म नबील अभिमानाने सावरून बसल्या. “कधीच नाही. सुई तळाला झोपलेली असते. आमचे हे, अबू नबील, शेवटपर्यंत सांगायचे, असं थंड डोक्याचं इंजिन नशिबवानालाच मिळतं.”

“दृष्ट न लागो,” फालिह म्हणाला.

सब्री उठला. त्याने पिन काढली. दिवा लुकलुकला आणि त्याने धुराच्या नळीतल्या सेन्सरचं नाव घेतलं, तोच जो बदलून झाला होता. सब्रीने तो खोलून काढला. टोकाला काजळीचा बोटभर थर. बिचाऱ्याचं तोंडच बुजलेलं. दिवा खोटं बोलत नव्हता. पण काजळी आली कुठून, हे त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

काजळी म्हणजे नको तितकं पेट्रोल. गाडीच्या अकलेला स्वतःचे डोळे नसतात; सेन्सर सांगतील ते तिने खरं मानायचं. पाण्याचा सेन्सर म्हणाला, इंजिन अजून गार आहे, की ती पेट्रोल सढळ हाताने सोडते, नुकत्याच झोपेतून उठलेल्याला गरम पेज पाजावी तशी. इंजिन तापलं की हात आखडता घेते. सब्रीने मीटरच्या दोन तारा पाण्याच्या सेन्सरला लावल्या. ढकलून सुरू केलेलं इंजिन त्याने पेडल दाबून चांगलं अर्धा तास चालतं ठेवलं, तरी सेन्सर सांगत होता: गार.

इथेच सगळे फसले होते. इथेच सगळ्यांनी त्याला खोटारडा ठरवून उपटून फेकला होता. सब्रीचा हातही पान्याकडे गेला. मग तो थबकला. पहिला खोटं बोलला असेल. नवा आलेला दुसराही? आणि तिसराही नेमकं तेच खोटं?

तो कोपऱ्यावरच्या दहीवाल्याकडे गेला आणि दूध विरजायला वापरायची लांब तापमापी मागून आणली. “पुसून परत दे,” दहीवाला ओरडला, “इंजिनाचं दही लावू नकोस!” रेडिएटरचं झाकण उघडून सब्रीने ती पाण्यात धरली. पारा थोडा चढला आणि उभा राहिला. त्याने पारा वाचला, मीटर वाचला, पुन्हा पारा वाचला. दोन्ही आकडे जुळत होते.

“उम्म नबील,” तो म्हणाला, “तुमचा सेन्सर खरं बोलतोय. सगळे खरंच बोलत होते. इंजिन गारच आहे.”

“मग ते चांगलंच ना?”

 सब्रीच्या अंगात ती जुनी शिरशिरी आली होती, मुका संच मांडीवर असताना यायची तशी. त्याने इंजिन बंद केलं. पूर्ण थंड होऊ दिलं. मग पुन्हा सुरू करून रेडिएटरकडे जाणाऱ्या जाड रबरी नळीवर तळहात ठेवून उभा राहिला, डोळे मिटून, नाडी बघणाऱ्या हकिमासारखा. नळी सुरुवातीला गारच राहायला हवी. इंजिन तापेपर्यंत आतली एक झडप पाण्याची वाट अडवून धरते, आणि मग उघडते. ही नळी मात्र पहिल्या काही मिनिटांतच कोमट व्हायला लागली. कुणी अडवतच नव्हतं. पाणी मोकाट बाहेर फिरून गार होऊन परत येत होतं, आणि इंजिन बिचारं जन्मभर कुडकुडत होतं.

त्याने दोन बोल्ट काढले, झाकण उचललं. झडपेची जागा रिकामी. थर्मोस्टॅट नव्हताच.

सब्रीने मान वर करून उन्हातल्या खुर्चीकडे पाहिलं.

ही झडप काढून टाकायची रीत या रस्त्यावर उस्ता रझूकींनी आणली होती. गाडी कोणतीही येवो, पहिल्याच उन्हाळ्याआधी झडप बाहेर, म्हणजे ती अडकून इंजिन तापायचं भय नको. सगळ्या शहराने ती रीत उचलली. कुणाला ती आता आठवतही नसे, इतकी ती अंगवळणी पडली होती. जशी आपण खमीस घातली हे आपल्याला आठवत नाही. सब्रीने स्वतःही गेल्या उन्हाळ्यात किती काढल्या असतील. आता सगळ्यांदेखत ती परत बसवायची, आणि तीही रझूकींनी काढलेली!

तो खुर्चीपाशी जाऊन उकिडवा बसला. “उस्ता, थर्मोस्टॅट कुठे मिळेल?”

“कशाला? पेपर उडू नये म्हणून ठेवायला?”

“उम्म नबीलच्या गाडीत बसवायला.”

म्हाताऱ्याने खुर्ची त्याच्याकडे वळवली. “अकलेच्या बापा,” तो म्हणाला, “त्या गाडीतून ती माझ्या हातांनी काढली आहे. अबू नबील तुझ्या या जागेवर उभा होता. तुला वाटतं, मी त्याचं वाईट केलं?”

“त्याचं नाही. पण या गाडीला अक्कल आहे, उस्ता. तुमच्या काळातल्या गाड्यांना नव्हती. गार इंजिन त्यांना चालायचं. हिला ते आजारपण वाटतं. ती त्याला पाजतच बसते.”

“आणि झडप अडकली, इंजिन फुटलं, तर बाईला काय सांगशील? अक्कल होती म्हणून?”

रझूकींनी मान फिरवली. बोलणं संपलं होतं.

सब्री शोधायला निघाला, आणि रस्ताभर हशा पिकला. सुट्या भागांची एवढी दुकानं, पण जे सगळे काढून टाकतात ते विकायला कोण ठेवणार? “थर्मोस्टॅट? उन्हात फिरलास का? पण जानेवारीत ऊन लागतं तरी कुणाला?” दुसरा म्हणाला, “माझ्या आजोबांकडे होता, त्यांच्याबरोबर पुरला.” शेवटी भंगाराच्या गोदामात त्याला एक इंजिन सापडलं, थंड मुलखातून कंटेनरमधून आलेलं. त्याला अजून इथल्या कुणाचा हात लागला नव्हता. झडप आत होती, जागच्या जागी.

पण चालते का? तो थेट फालिहच्या टपरीवर गेला आणि झडप तारेला बांधून, नुकतंच ताजं पाणी ओतलेल्या चहाच्या पातेल्यात सोडली.

“अरे हरामखोरा! माझं पाणी!”

“इतके दिवस तुझा चहा पितोय, आज पहिल्यांदा त्यात काहीतरी पडलं.”

माणसं जमली. फिटर, भंगारवाले, दहीवाला, उम्म नबील चष्मा पुसत पुढे. पातेल्यात पाणी कुजबुजू लागलं. झडप तळाशी तोंड मिटून बसलेली. कुणी हसलं. मग कुणाची तरी काठी टकटक करत आली आणि गर्दी बाजूला झाली. रझूकी वाकून पातेल्यात बघू लागले.

पाणी उसळलं. आणि ती पितळी चकती, आतून कुणी हळूच दार लोटावं तशी, वर उचलली गेली. पूर्ण उघडली. सब्रीने तार उचलून झडप गार पाण्याच्या बादलीत धरली, ती मिटली. पुन्हा पातेल्यात, पुन्हा उघडली.



“उघडते की,” रझूकी स्वतःशीच म्हणाले. त्यांनी ती चिमट्याने घेऊन हातावर उलटसुलट केली, हात भाजला तरी सोडली नाही. “आयुष्यभर काढल्या. एकही उघडताना पाहिली नव्हती. सुरुवातीला माझ्याकडे यायच्या त्या गाळाने चिकटून मेलेल्याच. नदीचं पाणी भरायचे लोक रेडिएटरमध्ये. खाली चुन्याची दगडी खीर व्हायची.” मग त्यांनी मान वर केली, आणि आवाज पुन्हा जुना झाला, सगळ्या रस्त्याला ऐकू जाणारा. “सब्री! रेडिएटर धुतलास का?”

“नाही, उस्ता.”

“मग बसवायला निघालास कसा? त्या चुन्यात ही आठवडाभरही जगणार नाही. लिंबूसत्त्व आण. गरम पाणी आण. फालिह, ते पातेलं आता आमचंच समज.”

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्या रेडिएटरमधून आधी कॉफीसारखं, मग चहासारखं, मग स्वच्छ पाणी निघालं. सब्रीने झडप बसवली, प्लगवरची काजळी काढली, सेन्सर साफ केला. रझूकी खुर्ची दुकानाच्या दाराशीच आणून बसले होते आणि प्रत्येक बोल्टवर टीका करत होते.

मग सब्री उम्म नबीलच्या शेजारी बसला. “पुलावर घ्या. नाक्याच्या रांगेत. पलीकडच्या चौकातून वळून परत.”

रांग लांब होती. दोन्हीकडे सिमेंटच्या भिंती, पुढे मागे गाड्या, मधेच खूप खाली हिरवट नदी. गाडी पावलापावलाने सरकत होती. आणि सुई हलली.

“सब्री, चढतेय!”

“चढू द्या.”

“अरे, ही कधी चढली नाही! अबू नबील असताना नाही, त्यानंतर नाही!” त्यांचा हात किल्लीवर गेला. आयुष्यभर त्यांना एकच शिकवण मिळाली होती: सुई चढली की इंजिन बंद करा, नाहीतर घर बुडालं. “मध्याला आली बघ! बंद करते.”

“नका करू. उम्म नबील, बघू नका तिच्याकडे. ऐका. तुम्ही सगळं आयुष्य ऐकण्यात काढलंत. काय ऐकू येतं?”

त्यांनी डोळे मिटले. हात किल्लीवरच होता. मागच्या गाडीने भोंगा वाजवला. त्या ऐकत राहिल्या, कपाळाला आठ्या घालून, दूरच्या गावाची लाइन जुळत नसताना ऐकायच्या तशा.

“खरखर नाही,” त्या म्हणाल्या. “तुटत नाही आवाज.” मग डोळे उघडले. सुई मध्यावर येऊन उभी राहिली होती. पुढे सरकायचं नाव नाही. त्यांनी हात किल्लीवरून उचलून स्टिअरिंगवर ठेवला.

नाक्यावरचा शिपाई गाडी ओळखून आधीच दोन पावलं मागे सरला. मग त्याने वाकून आत पाहिलं. “मावशी, आज ढकलायला कुणाला बोलवू?”

“तुझ्या अधिकाऱ्याला बोलव,” उम्म नबील म्हणाल्या, “त्यालाही जरा व्यायाम होईल.”

शिपाई हसला आणि हात हलवून वाट दिली. गाडी निघाली. आवाज एकसारखा, धूर नाही. पलीकडचा चौक आला. वळायची जागा आली. उम्म नबील वळल्या नाहीत. त्यांनी पाय दाबला आणि गाडी सरळ कर्खच्या दिशेने धावू लागली, जिथे त्यांची बहीण खिडकीकडे तोंड करून पडलेली असायची.

“अहो, वळण गेलं,” सब्री म्हणाला.

“दिसलं मला. फोन लाव नबीलला. सांग, शुक्रवारी गाडी मोकळी नाही. मावशीला गाडीत निजवून हमामला न्हायला न्यायचं आहे मला, कधीची म्हणतेय ती.”

सब्रीने खिशातला फोन काढला, त्याकडे पाहिलं आणि परत खिशात ठेवला.

“ते तुम्हीच सांगा, मुलगा तुमचा आहे. मला त्या खजुराच्या झाडापाशी उतरवा, मी पूल चालत ओलांडतो. तुमच्या बहिणीकडे आलो तर ती जेवल्याशिवाय सोडणार नाही, आणि तिचा हीटर मी दुरुस्तीला आणला होता, तो अजून दुकानात तसाच पडलाय, तेही विचारेल.”